मोजणीपासून नियंत्रणापर्यंत : ग्रामीण भागातील हृद्रोग-जोखीम तपासणी

मुंबई-हावडा लोहमार्गावर रायपूर हे एक मोठे स्थानक आहे. या स्थानकाच्या पलीकडे गुढियारी ही शहराची जुनी व दाट वस्ती पसरलेली आहे. घाऊक व्यापाराची पेठ म्हणून तिची ओळख आहे. पोती वाहणारे हमाल, बांधकाम मजूर, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया अशा कष्टकरी कुटुंबांचा येथे वास आहे आणि त्यांतील अनेकांची मुळे छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांत आहेत. धान लावणीच्या व कापणीच्या दिवसांत गावी, एरवी शहरात आणि काही महिने नागपूरकडच्या बांधकामावर, असा अनेक श्रमिकांचा वार्षिक क्रम असतो. अशा माणसाचा रक्तदाब कोणी, कोठे आणि किती वेळा मोजावा? तो वाढलेला आढळला, तर पुढच्या महिन्याची गोळी त्याने कोणत्या गावी घ्यावी? आजच्या व्याख्यानाचा विषय या दोन प्रश्नांत सामावलेला आहे.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात आरोग्यविषयक योजनांची नावे, वर्षे व उद्दिष्टे पाठ केली जातात. ती आवश्यकच आहेत. परंतु योजनेचे मूल्यमापन करताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. किती जणांची तपासणी झाली, ही एक संख्या. तपासणीत आजार आढळलेल्यांपैकी वर्षभरानंतर किती जणांचा आजार आटोक्यात राहिला, ही दुसरी संख्या. पहिली संख्या मिळवणे तुलनेने सोपे असते आणि ती अहवालात उठून दिसते. माणसांचे प्राण मात्र दुसऱ्या संख्येमुळे वाचतात. ग्रामीण हृद्रोग-तपासणीचे यशापयश या दोन संख्यांमधील अंतरावरून ठरते.

बदललेले रोगचित्र

हृद्रोग म्हणजे शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. आकडेवारीने ती खोटी ठरवली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या राज्यस्तरीय रोगभार अभ्यासानुसार देशातील एकूण मृत्यूंमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता. २०१६ मध्ये तो २८.१ टक्क्यांवर पोहोचला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी २१.३ टक्के व पुरुषांपैकी २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला, किंवा त्या रक्तदाबाची औषधे घेत होत्या.

छत्तीसगढच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील एक अभ्यास याबाबत विशेष बोलका आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने ८६ गावांतील सुमारे ९४ हजार लोकसंख्येत २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे नोंदवली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. मृत्यूच्या सर्व कारणांत पक्षाघाताचा क्रमांक पहिला होता. मलेरिया, कुपोषण व बालमृत्यू यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात हे चित्र दिसावे, ही बाब धोरणकर्त्यांना विचार करायला लावणारी होती. पक्षाघाताने दगावलेल्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक जणांचा मृत्यू घरीच झाला होता. पक्षाघाताचे सर्वांत मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण म्हणजे अनियंत्रित रक्तदाब. रक्तदाब मोजण्यास काही मिनिटे लागतात, त्याची औषधे जुनी व स्वस्त आहेत. तरीही एवढी माणसे गेली. उणीव वैद्यकशास्त्रात नव्हती, ते शास्त्र गावापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेत होती.

जोखीम म्हणजे काय?

'जोखीम घटक' ही संकल्पना वैद्यकशास्त्रात रुजली ती अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील अभ्यासामुळे. १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद घेऊन त्यांच्या प्रकृतीचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. वाढलेला रक्तदाब, धूम्रपान, रक्तातील कोलेस्टेरॉल, मधुमेह या गोष्टी हृदयविकाराच्या झटक्याच्या कितीतरी आधीपासून शरीरात काम करीत असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. यातील बहुतेक घटकांची बाधित व्यक्तीला जाणीवच नसते. डोके दुखत नाही, दम लागत नाही, कामात खंड पडत नाही. म्हणून रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत न थांबता आरोग्य व्यवस्थेने लोकांपर्यंत जावे, हा समुदाय-तपासणीमागील विचार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुधारित जोखीम-तक्ते प्रसिद्ध केले. त्यांचा एक प्रकार प्रयोगशाळेच्या तपासण्यांवर आधारलेला आहे. दुसऱ्या प्रकारात वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब व शरीराचा वजन-उंची निर्देशांक एवढ्यावरून पुढील दहा वर्षांतील धोक्याचा अंदाज बांधता येतो. जेथे रक्ततपासणीची सोय नाही, तेथे हा दुसरा तक्ता उपयोगी पडतो.

भारतात २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृद्रोग व पक्षाघात यांच्या प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात २१ राज्यांतील १०० जिल्हे त्यात होते. २०२३ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून त्याला असंसर्गजन्य आजार प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम असे नाव देण्यात आले. दरम्यान २०१६ मध्ये ३० वर्षांवरील सर्व व्यक्तींच्या तपासणीच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग हे पाच आजार त्यात समाविष्ट आहेत. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन एक प्रश्नावली भरते. तीत वय, तंबाखू, मद्यपान, कमरेचा घेर, आठवड्यातील शारीरिक हालचाल व कुटुंबातील आजारांचा इतिहास यांना गुण दिले जातात. चारपेक्षा अधिक गुण मिळाल्यास त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्य द्यायचे असते.

या गुणपद्धतीच्या २०१६ मधील मूळ रूपाची मर्यादा एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येईल. गुढियारीच्या पेठेत पोती वाहणारा ५२ वर्षांचा हमाल समोर आणावा. पन्नाशी ओलांडल्याचे २ गुण आणि रोज तंबाखू खाण्याचे २ गुण. दारू रोज पीत नाही, म्हणून शून्य. कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, म्हणून शून्य. दिवसभर अंगमेहनत, म्हणून शून्य. आईवडिलांचा रक्तदाब कधी कोणी मोजलाच नव्हता, त्यामुळे कौटुंबिक इतिहासाचेही शून्य. बेरीज ४. चारपेक्षा अधिक नसल्याने तो प्राधान्य यादीत येत नाही, पण त्याचा रक्तदाब १७० असू शकतो. स्थूल व बैठे जीवन जगणाऱ्या माणसाची जोखीम ही पद्धत लवकर ओळखते. काटक, गरीब श्रमिकाची जोखीम तिच्या नजरेतून निसटू शकते. म्हणूनच गुण कितीही असले तरी ३० वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा, असे मूळ मार्गदर्शक तत्त्व आहे. प्राधान्य यादीलाच संपूर्ण यादी मानण्याची चूक क्षेत्रीय पातळीवर होता कामा नये.

शब्दांचाही अडसर असतो. छत्तीसगढमध्ये तंबाखू व गुळापासून केलेली 'गुडाखू' दातांना व हिरड्यांना घासण्याची सवय आहे आणि स्त्रियांतही ती आढळते. विदर्भात खर्रा, महाराष्ट्राच्या इतर भागांत मशेरी. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत (२०१६-१७) छत्तीसगढमधील ३९.१ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. देशाचे प्रमाण २८.६ टक्के होते. 'तंबाखू खाता का?' एवढाच प्रश्न विचारला, तर गुडाखू घासणारी स्त्री प्रामाणिकपणे नाही म्हणू शकते, कारण तिच्या लेखी ते दंतमंजन असते. प्रश्न विचारणारी व्यक्ती त्याच पाड्यातील असली, तर ही चूक टळते.

तपासणी केव्हा समर्थनीय ठरते?

प्रत्येक आजारासाठी सरसकट तपासणी करणे योग्य नसते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन व युंगनर या तज्ज्ञांनी १९६८ मध्ये तपासणीचे दहा निकष मांडले. आजार लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचा असावा, त्याची लक्षणविरहित अवस्था ओळखता यावी, चाचणी सोपी व लोकांना मान्य होईल अशी असावी, निदान व उपचारांच्या सोयी उपलब्ध असाव्यात, खर्च व लाभ यांचे गणित जुळावे आणि तपासणी ही एकदाच उरकायची मोहीम न राहता अखंड प्रक्रिया असावी, हे त्यांतील प्रमुख होत. उच्च रक्तदाब यांपैकी पहिल्या काही निकषांना सहज उतरतो. उपचारांची उपलब्धता आणि सातत्य या निकषांची पूर्तता मात्र शासनयंत्रणेवर अवलंबून असते.

संशोधनाचा कौलही याच दिशेचा आहे. सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांविषयीच्या चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१९ मध्ये अद्ययावत झाला. १७ चाचण्यांतील अडीच लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून, अशा तपासण्यांनी एकूण मृत्यूंमध्ये जवळजवळ काहीच फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. या चाचण्या विकसित देशांतील असल्या, तरी शिबिर भरवणाऱ्या प्रत्येकाने तो निष्कर्ष लक्षात ठेवावा. दुसरीकडे, बांगलादेश, पाकिस्तान व श्रीलंका येथील ३० ग्रामीण समुदायांत २,६४५ रक्तदाबग्रस्तांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे शासकीय सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रक्तदाब मोजला, सल्ला दिला व गरजूंना डॉक्टरांकडे पाठवले. दोन वर्षांनी वरच्या रक्तदाबातील घट नेहमीच्या व्यवस्थेच्या तुलनेत सरासरी ५.२ अंकांनी अधिक होती. दुसऱ्या ठिकाणी मोजणाऱ्या हाताने रुग्णाला पुन्हा पुन्हा गाठले, हा मोलाचा फरक होता.

छत्तीसगढचा अनुभव

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. घनदाट जंगल, विखुरलेले पाडे व डॉक्टरांची टंचाई या स्थितीत राज्याने २००२ मध्ये 'मितानिन' कार्यक्रम सुरू केला. छत्तीसगढी लोकजीवनात दोन व्यक्ती विधिपूर्वक आयुष्यभराचे मैत्र जोडतात. अशा मैत्रिणीला मितानिन म्हणतात. प्रत्येक पाड्याने आपल्यातील एका स्त्रीची आरोग्यकार्यासाठी निवड करावी, ही त्यामागील कल्पना होती. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्तीची तरतूद झाली, तिच्या मागे मितानिनचा अनुभव होता. आशा कार्यकर्ती साधारणपणे हजार लोकसंख्येमागे एक असते, तर मितानिन पाड्यागणिक असते. विखुरलेल्या वस्तीत हा फरक लहान नाही.

आयुष्मान भारत कार्यक्रमातील देशातील पहिल्या आरोग्य व निरामयता केंद्राचे उद्घाटन १४ एप्रिल २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते छत्तीसगढमध्येच, बीजापूर जिल्ह्यातील जांगला येथे झाले. हा जिल्हा गडचिरोलीला लागून आहे. या केंद्रांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असे संबोधले जाते. उपकेंद्राच्या पातळीवर सामुदायिक आरोग्य अधिकारी नेमून रक्तदाब व मधुमेहाची तपासणी आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधे गावाजवळ देणे, हे या केंद्रांचे एक मुख्य काम आहे.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी राज्यात मुख्यमंत्री हाट बाजार क्लिनिक योजना सुरू झाली. आठवडी बाजार हे आदिवासी भागातील जीवनाचे केंद्र असते. मीठ, तेल, कापड, कोंबडी यांच्या खरेदी-विक्रीसाठी आठ-दहा कोसांवरून माणसे तेथे येतात. घरभेटीच्या वेळी शेतात किंवा जंगलात असलेले पुरुष बाजारात हमखास भेटतात. वाहनातून आलेले वैद्यकीय पथक बाजाराच्या दिवशी तेथे बसून रक्तदाब, रक्तशर्करा, मलेरिया आदी तपासण्या करील व औषधे देईल, अशी ही रचना होती. पुढे १ नोव्हेंबर २०२० रोजी शहरांतील गरीब वस्त्यांसाठी फिरत्या दवाखान्यांची योजना आली. गुढियारीसारख्या वस्तीतील श्रमिकाच्या दृष्टीने या दोन योजना म्हणजे त्याच्या आयुष्याच्या दोन टोकांना भेटणारी दोन वाहने होत.

बाजारातील तपासणीचा लाभ स्पष्ट आहे, तसा तिचा कच्चा दुवाही स्पष्ट आहे. बाजारात माणूस सापडतो आणि बाजार उठताच हरवतो. त्याचे नाव, पाडा व मितानिन यांची नोंद झाली नाही, तर मोजलेला आकडा वहीतच राहतो. हाटातील पथक आणि पाड्यातील मितानिन हे दोन दुवे जोडले, तरच साखळी बनते.

बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथे डॉक्टरांच्या एका गटाने उभारलेल्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने जंगलालगतच्या गावांत आणखी एक मार्ग वापरला. दीर्घकालीन आजार असणाऱ्या गावकऱ्यांचे गट तेथे बांधण्यात आले. रुग्ण महिन्यातून एकदा एकत्र येतात, प्रकृतीची विचारपूस करतात, औषधे घेतात. बाहेरून लादलेल्या पाठपुराव्यापेक्षा शेजाऱ्याची विचारपूस अधिक काळ टिकते, हे त्यामागील साधे तत्त्व आहे.

मोजमापातील काटेकोरपणा

चुकीचा मोजलेला रक्तदाब न मोजलेल्या रक्तदाबाइतकाच धोक्याचा ठरू शकतो. मोजण्यापूर्वी व्यक्तीला किमान पाच मिनिटे शांत बसवावे. पाठीला आधार, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत व उघडा असावा. अर्धा तास आधी चहा, विडी वा तंबाखू घेतलेली नसावी. दंडाच्या मापाचा पट्टा वापरावा. लहान पट्ट्याने रक्तदाब अधिक आणि फार मोठ्या पट्ट्याने कमी दिसतो. किमान दोनदा मोजावे. वरचा १४० किंवा खालचा ९० यापेक्षा अधिक आढळल्यास, आकडा फारच वाढलेला नसेल तर, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून मगच निदान करावे.

डोक्यावरचे ओझे उतरवून नुकत्याच आलेल्या, रांगेत ताटकळलेल्या माणसाचा पहिला आकडा बहुधा वाढलेलाच येतो. एकाच मोजणीवर शिक्कामोर्तब केले, तर निरोगी माणसाच्या मागे आयुष्यभराची गोळी लागते. आणि घाईत सोडून दिले, तर खरा रुग्ण निसटतो. दिवसाला शंभर जणांचे उद्दिष्ट दिलेल्या कर्मचाऱ्याला पाच मिनिटांची विश्रांती परवडत नाही. उद्दिष्टाचा आकडा ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने हे आधी समजून घेतले पाहिजे.

साखळी कोठे तुटते?

उच्च रक्तदाबाबाबत 'निम्म्यांचा नियम' प्रसिद्ध आहे. १०० रुग्णांपैकी ५० जणांनाच आजाराची माहिती असते, त्यांतील २५ जण उपचार घेतात आणि जेमतेम १२ जणांचा रक्तदाब आटोक्यात असतो. आकडे स्थलकालानुसार बदलतात, पण गळतीचे स्वरूप सर्वत्र हेच असते. तपासणी मोहीम यातील पहिली गळती थांबवते. उरलेल्या दोन गळत्या औषधपुरवठा, अंतर व वेळ यांमुळे होतात.

औषधांचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. हजार लोकसंख्येत ३० वर्षांवरील व्यक्ती सुमारे ३७० असतात, असे मार्गदर्शक सूचनांत गृहीत धरले आहे. सपाट प्रदेशातील एका उपकेंद्राची लोकसंख्या ५,००० धरल्यास ही संख्या १,८५० होते. त्यांतील चौथा हिस्सा रक्तदाबग्रस्त मानला, तर रुग्ण सुमारे ४६०. प्रत्येकाला रोज एकच गोळी दिली, तरी महिन्याला १३,८०० आणि वर्षाला दीड लाखाहून अधिक गोळ्या एका उपकेंद्राला लागतात. पूर्वी रक्तदाबाचे औषध प्रामुख्याने रुग्णालयांतून मिळे. ही मागणी उपकेंद्रापर्यंत आली की खरेदी, साठवण व वाहतूक यांचे सारे गणित बदलते. तपासणीचे उद्दिष्ट वाढवताना औषधांची मागणी त्याच प्रमाणात वाढवली नाही, तर महिनाअखेर गोळ्या संपतात. गोळी न मिळाल्याने रिकाम्या हाताने परतलेला मजूर पुढच्या वेळी एका दिवसाची मजुरी बुडवून येईलच, याची शाश्वती नसते. एखाद्याला त्याचा आजार सांगायचा आणि उपचार द्यायचा नाही, यात त्याच्या वाट्याला फक्त चिंता येते. नैतिकदृष्ट्या ही स्थिती तपासणी न करण्यापेक्षा बरी म्हणता येत नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नेमक्या याच गळत्यांवर लक्ष केंद्रित केले. पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांच्या २५ जिल्ह्यांत महाराष्ट्रातील भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे चार जिल्हे होते. उपक्रमाची सूत्रे पाच : मोजक्या औषधांची ठरावीक उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, डॉक्टरांबरोबर परिचारिका व आरोग्य कार्यकर्त्यांमध्ये कामाची वाटणी, रुग्णाच्या घराजवळ सेवा आणि प्रत्येक रुग्णाच्या नियंत्रणाची नोंद ठेवणारी माहिती प्रणाली. कोणते औषध प्रथम द्यायचे, महिन्याने रक्तदाब कमी न झाल्यास पुढची पायरी कोणती, हे आधीच ठरलेले असल्याने अनेक औषधांचा साठा करावा लागत नाही. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था कृतिदलाचा पुरस्कार मिळाला. त्याचे खरे वेगळेपण मात्र पाचव्या सूत्रात आहे. 'किती जणांना मोजले' याऐवजी 'नोंद झालेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला' हा प्रश्न तेथे केंद्रस्थानी आला.

केंद्र शासनाने १७ मे २०२३ रोजी, जागतिक उच्च रक्तदाब दिनी, २०२५ पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब व मधुमेहग्रस्तांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. उद्दिष्टाच्या शब्दरचनेत 'तपासणी'ऐवजी 'उपचार' आला, हा बदल परीक्षार्थींनी टिपून ठेवण्यासारखा आहे.

काही मर्यादा व काही प्रश्न

स्थलांतर हा पहिला प्रश्न. रायपूरमध्ये निदान झालेल्या मजुराची नोंद नागपूरच्या आरोग्य केंद्रात दिसली पाहिजे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशपातळीवर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील १४ अंकी आरोग्य क्रमांकामुळे हे शक्य होऊ शकते. तरीही ज्याच्याकडे भ्रमणध्वनी नाही वा ज्याचा क्रमांक वारंवार बदलतो, त्याच्यासाठी खिशात मावणारे कागदी उपचारपत्र आजही उपयोगी आहे. त्यावर औषधाचे नाव, मात्रा व मागील रक्तदाब लिहिलेला असला, की कोणत्याही राज्यातील परिचारिकेला पुढचे पाऊल टाकता येते.

दुसरा प्रश्न मितानिन व आशा यांच्या कार्यभाराचा. बाळंतपण, लसीकरण, मलेरिया, क्षयरोग यांच्या जोडीला आता आयुष्यभर चालणाऱ्या आजारांचा पाठपुरावा त्यांच्याकडे आला आहे. गडचिरोलीत 'सर्च'च्या आरोग्यदूतांनी घरच्या घरी नवजात बालसेवेचे यशस्वी काम करून दाखवले. त्या अनुभवाचा उपयोग पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात झाला. गावातील स्त्री कठीण आरोग्यकार्य कौशल्याने करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. त्या कौशल्याला साजेसे प्रशिक्षण, साधने व मोबदला देणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. केवळ प्रश्नावली भरण्यापुरता मोबदला आणि पाठपुराव्याला काहीच नाही, अशी रचना असेल तर काम प्रश्नावलीपाशीच थांबेल.

तिसरा प्रश्न वयाचा. ३० वर्षांची अट घातल्याने संधिवाताभ ज्वरातून होणारा झडपांचा हृद्रोग या तपासणीच्या कक्षेबाहेर राहतो. दाटीच्या व गरीब वस्तीतील बालकांना घशाच्या जंतुसंसर्गानंतर तो जडतो. तीन-चार आठवड्यांनी नियमित दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने तो बळावणे रोखता येते. बालकांच्या तपासणीसाठी ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला आणि जन्मजात तसेच झडपांचे हृद्रोग त्यात समाविष्ट आहेत. दोन्ही कार्यक्रमांचा एकत्र विचार केल्याशिवाय गरीब वस्तीतील हृद्रोगाचे चित्र पूर्ण होत नाही.

आणि अखेरीस, औषधाविना करण्याच्या गोष्टी. रोजचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. ज्याच्या ताटात भात, मीठ, मिरची व लोणचे यापलीकडे फारसे काही नसते, त्याला मीठ सोडण्याचा उपदेश करणे सोपे आणि पाळणे अवघड असते. भाजी, डाळ व फळे परवडतील तेव्हाच मीठ कमी होईल. म्हणून शिधावाटप, पोषण, तंबाखू नियंत्रण व रोजगार हे विषय हृद्रोग-प्रतिबंधाच्या बाहेरचे समजता येत नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, उद्या यातील काही जण प्रशासनात जातील. एखाद्या जिल्ह्याच्या आढावा बैठकीत तपासणीची टक्केवारी समोर ठेवली जाईल आणि ती बहुधा समाधानकारक असेल. त्या वेळी आणखी चार आकडे मागवावेत. तपासलेल्यांपैकी किती जणांना रक्तदाब आढळला, त्यांतील किती जणांचे औषध सुरू झाले, मागील महिन्यात किती जण औषध घेऊन गेले आणि किती जणांचा रक्तदाब आज नियंत्रणात आहे. हे चार आकडे ज्या जिल्ह्यात नियमित विचारले जातात, तेथे औषधसाठा, मितानिनचा मोबदला आणि बाजारातील पथकाची नोंदवही या सर्वांकडे आपोआप लक्ष जाते. गुढियारीच्या पेठेत पोते उचलणाऱ्या त्या हमालाला पहिल्या आकड्याने एक चिठ्ठी मिळते. चौथा आकडा सुधारला, तर पक्षाघात न होता पुढील अनेक वर्षे त्याला धान लावणीसाठी स्वतःच्या पायांनी गावी जाता येते.